कमजोरी म्हणजे नेमके काय? रात्रपाळी, ताण आणि टेस्टोस्टेरॉनची तपासणी

रविवारची वंदना झाली, लोक पांगले आणि आम्ही बीपीचे मशीन पिशवीत भरत होतो. तेवढ्यात एक वहिनी परत आल्या. मागे विहाराच्या दाराशी त्यांचे मालक चप्पल घालत-काढत उभे. वहिनींनी पदराआडून औषधाच्या दुकानाची छोटी पिशवी काढली. आत इंजेक्शनची एक कुपी, एक सिरिंज आणि घडी घातलेली चिठ्ठी. म्हणाल्या, "ताई, एवढं यांना टोचून द्या. तिकडं टोचायचे वेगळे पैसे घेतात." चिठ्ठीवर आजाराचे नाव नव्हते. कुपीवर टेस्टोस्टेरॉन लिहिलेले होते.

आम्ही टोचले नाही. का टोचले नाही आणि त्यानंतर काय झाले, ते या पानावर सांगायचे ठरवले, कारण गेल्या काही महिन्यांत सरावली, पास्थळ, खैरापाडा या भागांत अशी तिसरी-चौथी चिठ्ठी आमच्या हातात आली होती. दादा आणि वहिनी दोघांची परवानगी घेतली आहे. नावे देत नाही.

दादा अडतीस वर्षांचे. मूळ गाव विदर्भात, बारा वर्षांपासून तारापूर एमआयडीसीत. औषधांचा कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यात ठेकेदाराकडून रिअ‍ॅक्टरवर. पाळी आठवड्याला बदलते. समोरचा माणूस आला नाही की डबल मारावी लागते, आणि तो बऱ्याचदा येत नाही. नाइट करून घरी यायचे तर वस्तीत दिवसा झोप कुठली? पत्र्याचे घर, बाहेर नळावरची भांडणे, शेजारी ग्राइंडरचा आवाज. चार तास डोळा लागला तर नशीब. सहा-सात महिन्यांपासून अंगात त्राण नाही, चिडचिड, कशातच मन नाही. बायकोच्या जवळ जावेसे वाटत नाही, आणि एकदोनदा गेले तर जमले नाही. त्यानंतर भीतीनेच जाणे बंद. वहिनींना वाटले, बाहेर काही लफडे असेल. दादांना वाटले, आपले पुरुषपण संपले. दोघेही एकमेकांशी बोलले नाहीत. एक मुलगी आहे, दुसरे मूल हवे आहे.

पैसे किती गेले ते विचारले तेव्हा दादा खाली बघत राहिले. स्टेशनजवळच्या भिंतीवर जाहिरात वाचून एका लॉजवर बसणाऱ्या "वैद्या"ला नऊ हजार. त्याने पुड्या दिल्या. मग कुणीतरी सांगितले म्हणून एका लॅबचे फुल बॉडी पॅकेज. त्यात टेस्टोस्टेरॉन २३८ आले, कागदावर लाल अक्षरांत. तो कागद घेऊन एका दवाखान्यात गेले, तिथे पाच मिनिटांत दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन लिहून मिळाले.

आम्ही एकच प्रश्न विचारला, रक्त कधी दिले होते? म्हणाले, नाइट सुटल्यावर. गेटवरून थेट लॅबमध्ये, वाटेत चहा आणि दोन वडापाव खाऊन.

म्हणजे रात्रभर जागलेल्या माणसाचे, खाल्ल्यानंतर घेतलेले रक्त. आणि त्या एका आकड्यावर वर्षानुवर्षे चालणारे इंजेक्शन.

बोलण्याची लाज कुणाला?

पुढे जाण्याआधी एक आठवण करून देतो. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' नावाचे मासिक सुरू केले. लोक त्यांना आपल्या शरीराबद्दलचे, लैंगिक जीवनाबद्दलचे प्रश्न पत्राने विचारत आणि ते उघड, शास्त्रीय उत्तरे देत. १९३४ साली याच प्रश्नोत्तरांवर अश्लीलतेचा खटला झाला. कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला, पण बाबासाहेबांनी घेतलेली बाजू स्पष्ट होती: लोकांना असे प्रश्न पडतात, तर त्यांना ज्ञानाच्या आधारावर उत्तर मिळालेच पाहिजे. तेव्हा या पानावर लिंग, वीर्य, वृषण हे शब्द आले म्हणून कुणी अंक उलटा ठेवू नये. घरात मुलगे मोठे होत असतील तर त्यांनीही वाचावे.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाच्या शरीरातले एक संप्रेरक, म्हणजे रक्तातून फिरणारा निरोप्या. ते मुख्यतः वृषणांत, बोलीत ज्याला आपण गोट्या म्हणतो, तिथे तयार होते. दाढी-मिशा, आवाज, स्नायूंची ताकद, हाडांची मजबुती, रक्तातल्या तांबड्या पेशी, कामेच्छा, काही प्रमाणात मनाचा उत्साह, हे सगळे त्यावर अवलंबून. बाईच्या शरीरातही ते थोडे असते. पण वृषणे आपल्या मनाने काम करत नाहीत. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती एलएच नावाचा निरोप पाठवते, मग वृषणांत काम सुरू होते. कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर पिट्युटरी हा सुपरवायझर आणि वृषण हे मशीन. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता झोपेचा संबंध. टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखे नसते. ते झोपेत वाढते, उठण्याच्या वेळी सर्वांत जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. तरुण माणसात सकाळ आणि दुपारच्या आकड्यात वीस-पंचवीस टक्क्यांचा फरक सहज पडतो. अमेरिकेत शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले. त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी खाली आले. एका आठवड्यात, आणि तेही चांगल्या गादीवर झोपणाऱ्या पोरांचे. आमच्या दादांचे तर बारा वर्षे चालले आहे.

ताणाचेही तसेच. ठेकेदार कधी काढेल याची धास्ती, हप्ता, मुलीची फी. ताण लांबला की शरीर कॉर्टिसॉल नावाचे दुसरे संप्रेरक जास्त सोडते, आणि ते पिट्युटरीचा निरोप दाबते. संकटात शरीर आधी जीव वाचवायचे बघते, संसार नंतर. यात नामर्दी कुठून आली?

तपासणी कशी करायची

रक्त सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी द्यायचे. आदल्या रात्री नीट झोप झालेली हवी. नाइटचा आठवडा असेल तर त्या आठवड्यात देऊच नका. जनरल किंवा फर्स्ट पाळीच्या आठवड्यात, तीन-चार रात्री घरी झोपल्यावर, सुट्टीच्या दिवशी द्या. ज्याला कायमच नाइट आहे त्याने डॉक्टरांना तसे सांगावे, त्याची "सकाळ" म्हणजे त्याची मुख्य झोप संपल्यानंतरचे दोन-तीन तास. ताप, मलेरिया, डेंग्यू चालू असताना किंवा नुकताच होऊन गेला असताना ही तपासणी करू नये, आकडा खोटाच खाली दिसतो.

आणि एकदा कमी आले तर ते कमी समजायचे नाही. दुसऱ्या एखाद्या दिवशी, तशाच सकाळी, शक्यतो त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासायचे. दोन्ही वेळा कमी, शिवाय लक्षणेही आहेत, तरच आजार. साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही ठीक मानली जाणारी पातळी. प्रत्येक लॅबची हद्द थोडी वेगळी असते, ती रिपोर्टवर छापलेली असते. पोट सुटलेल्या आणि मधुमेही माणसाच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारे एक प्रथिन कमी असते, त्यामुळे एकूण आकडा खाली दिसतो पण कामाचा भाग पुरेसा असू शकतो. त्यासाठी "फ्री" टेस्टोस्टेरॉनचा हिशोब असतो, तो डॉक्टरांना विचारावा. लाल अक्षर बघून छातीत धस्स होऊ देऊ नका. ते अक्षर संगणकाने रंगवलेले असते.

आमच्या दादांकडे परत येतो. इंजेक्शन बाजूला ठेवून आम्ही विहारातच त्यांचे बोट टोचले. ग्लुकोमीटरवर शुगर आली २८६. कुणी आजवर तपासलीच नव्हती? पॅकेजमध्ये होती की! रिपोर्टच्या दुसऱ्या पानावर तीही लाल होती, पण सगळ्यांचे लक्ष पहिल्या पानावर. रात्री चारदा लघवीला उठणे, तहान, वजन उतरणे हे दादा एसीटीन पत्र्याच्या गरमीवर ढकलत होते. पुढे तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी केली, ती ९.४. आणि चार रात्री घरी झोपल्यावर सकाळी आठला घेतलेले टेस्टोस्टेरॉन ३५२. दोन-अडीच आठवड्यांनी पुन्हा, ३७१.

दादांना टेस्टोस्टेरॉनचा आजार नव्हता. त्यांना मधुमेह होता आणि झोप नव्हती. इंजेक्शन चालू राहिले असते तर काही आठवडे बरे वाटले असते आणि शुगर आतून डोळे, किडनी, नसा पोखरत राहिली असती.

म्हणून आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो की ताठरता कमी होणे ही कधी कधी मोठ्या आजाराची पहिली वर्दी असते. लिंगातल्या रक्तवाहिन्या हृदयाच्या वाहिन्यांपेक्षा बारीक, त्या आधी बंद होऊ लागतात. हृदयाचे दुखणे काही वर्षांनी मागून येते. चाळिशीच्या आसपास हा त्रास सुरू झाला तर बीपी, शुगर, चरबी आणि गरज पडल्यास ईसीजी, हे आधी. बीपीच्या काही गोळ्या, नैराश्यावरच्या काही गोळ्या यांनीही इच्छा कमी होते. अशा वेळी गोळी परस्पर बंद करायची नाही, डॉक्टरांना सांगून बदलून घ्यायची. दारू आणि ताडी रोजची असेल तर ती वृषणांना आणि यकृताला दोन्हीकडून मारते. पोटावरची चरबी टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर बायकी संप्रेरकात करते. म्हणून वजन उतरवले की औषधाशिवायही आकडा चढतो, हे आम्ही दोनतीन जणांत बघितले आहे. मोठ्याने घोरणारा, झोपेत श्वास अडकून दचकून उठणारा माणूस असेल तर त्याच्या झोपेची वेगळी तपासणी लागते.

आणि मन. उदासी, रडू येणे, जगण्यात रस नाही, ही नैराश्याची लक्षणे आणि टेस्टोस्टेरॉन कमी असल्याची लक्षणे एकमेकांत इतकी मिसळतात की नुसते ऐकून आम्हालाही सांगता येत नाही. ज्याला मरणाचे विचार येतात त्याने रिपोर्टची वाट बघू नये. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

खरोखर कमी असते तेव्हा

असे वाचून कुणी म्हणेल, मग टेस्टोस्टेरॉनचा आजार असतो तरी का? असतो. आणि तो सुटून जातो हे जास्त वाईट.

आमच्या माहितीतले एक काका, सत्तेचाळीस वर्षांचे, कापडाच्या कारखान्यात साच्यावर. दीड वर्षापासून डोके दुखायचे. सायकल चालवताना बाजूचा माणूस दिसायचा नाही, दोनदा धडकले. दाढी आठवड्याने करावी लागायची ती महिन्यावर गेली. इच्छा पूर्ण गेली, पहाटेची ताठरता गेली. घरचे म्हणायचे, वय झाले. कारखान्यात म्हणायचे, काका थकले. त्यांचे टेस्टोस्टेरॉन दोन्ही वेळा शंभराच्या खाली आले.

अशा वेळी डॉक्टर पुढची तपासणी लावतात, एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन, थायरॉइड. इथे ते सुपरवायझर आणि मशीन आठवा. एलएच खूप वाढलेले असेल तर सुपरवायझर ओरडतो आहे पण मशीनच बंद, म्हणजे बिघाड वृषणांत. लहानपणी गालगुंड होऊन वृषण सुजले असेल, मार लागला असेल, वृषण पोटातच राहिले असेल, किंवा जन्मतःच गुणसूत्रांत फरक असेल. एलएच कमी असेल तर मशीन ठीक पण सुपरवायझर झोपला, म्हणजे शोध मेंदूच्या तळाशी. काकांचे एलएच कमी आणि प्रोलॅक्टिन खूप जास्त निघाले. एमआरआयमध्ये पिट्युटरीवर गाठ दिसली, कॅन्सरची नव्हे. ती डोळ्यांच्या नसांवर दाब देत होती. अशा गाठीला बहुतेक वेळा ऑपरेशन लागत नाही. आठवड्यातून दोनदा घ्यायच्या गोळीने ती आकसते. काकांची डोकेदुखी गेली, नजर सुधारली, बाकीचेही हळूहळू येत आहे. त्यांना कुणी नुसते टेस्टोस्टेरॉन टोचत बसले असते तर गाठ वाढत राहिली असती आणि कदाचित नजर गेली असती.

तेव्हा इच्छा कमी होण्याबरोबर सतत डोकेदुखी, नजर बाजूने कमी होणे, छाती सुजणे किंवा स्तनातून दुधासारखे येणे, दाढी-अंगावरचे केस कमी होणे, वृषणे लहान होणे, यातले काही असेल तर उशीर नको. छातीत नुसती एका बाजूला कठीण गाठ लागली तरी दाखवा, पुरुषांनाही स्तनाचा कॅन्सर होतो.

इथे नसबंदीबद्दल एक. नसबंदीत वीर्यात शुक्रजंतू घेऊन येणारी नळी बांधतात. टेस्टोस्टेरॉन नळीतून नाही, रक्तातून जाते. नसबंदीने ते कमी होत नाही, ताकद जात नाही. या भीतीपोटी आपल्या घरांत अजूनही ऑपरेशन बाईच्याच अंगावर येते. तसेच हस्तमैथुनाने, स्वप्नात वीर्य गेल्याने "धातू" जाऊन कमजोरी येते हाही गैरसमज. त्या भीतीने आजारी पडणारे पुरुष मात्र खरे असतात. आपल्याच देशातले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विग यांनी १९६० साली या भीतीच्या आजाराला धात सिंड्रोम असे नाव दिले.

कारखान्यातली रसायने

तारापूरचा कामगार हा प्रश्न विचारणारच, की आम्ही जे हुंगतो, जे अंगावर उडते, त्याने काही होते का? कोणत्या रसायनाने, यावर उत्तर अवलंबून आहे. दोन गोष्टी कामगार चळवळीतल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात. १९७७ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉप गावी कीटकनाशकाच्या कारखान्यात काही कामगार आपसांत बोलू लागले की आपल्या खात्यात कुणालाच हल्ली मूल होत नाही. जेवणाच्या सुट्टीतले बोलणे. त्यांनी वीर्य तपासून घेतले. अनेकांत शुक्रजंतू फार कमी किंवा शून्य. कारण निघाले डीबीसीपी नावाचे रसायन. दोन वर्षांत तिथे त्याचा बहुतेक वापर बंद झाला. दुसरी, १९७६ साली पोर्टो रिको बेटावर गर्भनिरोधक गोळ्यांच्या कारखान्यात पुरुष कामगारांच्या छात्या सुजल्या. गोळीतले बायकी संप्रेरक धुळीतून त्यांच्या अंगात जात होते.

लॅथ्रॉपचे कामगार लाजून गप्प बसले असते तर ते रसायन कधी सापडले असते कोण जाणे.

म्हणून डॉक्टरकडे जाताना नुसते "एमआयडीसीत आहे" म्हणू नका. कोणत्या खात्यात, कोणता माल, पावडर उडते का, ड्रम कसे उघडता, शिसे किंवा सॉल्व्हंट आहे का, भट्टीजवळ किती तास, हे कागदावर लिहून न्या. प्रत्येक रसायनाचे सुरक्षा पत्रक असते, ते मागण्याचा कामगाराला हक्क आहे. फोटो काढून ठेवा. भट्टी, बॉयलर, डाइंगची गरमी शुक्रजंतूंना मारते. मूल होत नसेल तर वीर्याची तपासणी आणि टेस्टोस्टेरॉनची तपासणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक ठीक असून दुसरी बिघडलेली असू शकते. आणि मूल होत नाही म्हटले की आधी बाईला पळवतात. वीर्याची तपासणी सोपी, स्वस्त, एका दिवसाची आहे. ती पहिली व्हावी.

इंजेक्शनचे खरे-खोटे

ज्याचा आजार सिद्ध झाला आहे त्याला टेस्टोस्टेरॉन देणे योग्यच, आणि त्याला त्याने नवा जन्म मिळाल्यासारखे होते. पण बाहेरून टेस्टोस्टेरॉन आले की पिट्युटरीला वाटते माल भरपूर आहे. ती निरोप थांबवते. वृषणे काम सोडतात, आकसतात, शुक्रजंतू बनणे बंद होते. हे इतके खात्रीचे आहे की जागतिक आरोग्य संघटनेने दर आठवड्याच्या टेस्टोस्टेरॉन इंजेक्शनचा पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून अभ्यास केला, तो १९९० साली प्रसिद्ध झाला. आमचे दादा, ज्यांना दुसरे मूल हवे होते, त्यांना पाच मिनिटांत तेच लिहून दिलेले होते. मूल हवे असलेल्या माणसाला वेगळी औषधे असतात. "आम्हाला मूल हवे आहे" हे वाक्य डॉक्टरांपुढे बोलायलाच हवे, त्यांनी विचारले नाही तरी.

इंजेक्शन सुरू असताना रक्त दाट होऊ शकते, गुठळीचा धोका वाढतो. म्हणून ठरावीक महिन्यांनी हिमॅटोक्रिट बघायचे, चाळिशीनंतर प्रोस्टेटसाठी पीएसए. जो डॉक्टर हे काहीच न बघता नुसती टोचणी चालू ठेवतो त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आणि जिममधल्या पोरांना, जयंतीच्या मिरवणुकीआधी छाती दिसावी म्हणून दोन महिने सायकल मारणाऱ्यांना, हेच सांगणे. ते इंजेक्शन हेच असते, कधी जनावरांचे, कधी बनावट. थांबवल्यावर स्वतःचे काम सुरू व्हायला काही महिने, कधी वर्षाहून जास्त लागते. पंचविशीतला पोरगा आमच्यासमोर बसून रडला आहे.

भिंतीवरच्या वैद्यांबद्दल जास्त लिहीत नाही. संभोगशक्ती वाढवण्याची जाहिरात करणे १९५४ च्या चमत्कारी औषधे कायद्याने गुन्हा आहे. त्या पुड्यांत कधी कधी सिल्डेनाफिलची गोळी वाटून घातलेली सापडते. ज्याला छातीच्या दुखण्यावर जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी चालू आहे त्याचे त्याने बीपी एकदम पडून जीव जाऊ शकतो.

जायचे कुठे

पगार महिना २१ हजारांपर्यंत असेल तर तुम्ही ईएसआयमध्ये असायला हवे, ठेकेदाराचे कामगार असलात तरी. तुमच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात आणि मालक ३.२५ टक्के भरतो. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते पण कार्ड हातात नाही, असे पुष्कळ जण भेटतात. ईएसआयचा नंबर मागून घ्या, घरच्यांची नावे चढवून घ्या. मोठ्या तपासण्या, तज्ज्ञ डॉक्टर, एमआरआय यांसाठी दवाखान्यातून पुढे पाठवतात. पुरेसे दिवस भरलेले असतील तर आजारपणाच्या रजेत वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी, ही अट. हा पैसा उपकार नाही, तुमच्याच घामातून कापलेला आहे. कामगारांच्या आरोग्यविम्याची आखणी झाली ती बाबासाहेब मजूरमंत्री असतानाच, आणि आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्तीही त्याच काळातली, १९४६ ची.

ईएसआय नसेल तर आधी जवळच्या सरकारी रुग्णालयात एमबीबीएस डॉक्टर. शुगर, बीपी, हिमोग्लोबिन, थायरॉइड इथेच होते. टेस्टोस्टेरॉन बहुतेक बाहेरून करावे लागते. दोन्ही वेळा कमी आले तर परळचे केईएम. तिथे अंतःस्रावी ग्रंथींचा, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजीचा वेगळा विभाग आहे. डहाणू लोकलने दादर, तिथून परळ. ओपीडी कोणत्या वारी ते आधी विचारून घ्या, नाहीतर एक हजेरी फुकट जाते. रक्त मात्र बोईसरलाच सुट्टीच्या सकाळी देऊन रिपोर्ट घेऊन जा. पहाटेची गाडी पकडून, अर्धवट झोपेत, दुपारी रांगेत दिलेले रक्त पुन्हा तोच घोळ करते.

सुपरवायझरला काय सांगायचे, ही सगळ्यांची अडचण. सगळे सांगायची गरज नाही. मधुमेह, बीपी असेल तर "सलग रात्रपाळी टाळावी" एवढे डॉक्टर लिहून देऊ शकतात. आमच्या दादांनी तेच केले. पहिल्यांदा ठेकेदार हसला. दुसऱ्यांदा आणखी दोन मधुमेही कामगार चिठ्ठ्या घेऊन सोबत गेले, तेव्हा तिघांनाही तीन महिने नाइट बंद मिळाली. पगारातला नाइटचा भत्ता गेला, महिन्याला घर जरा ओढले जाते, हे वहिनींनी सांगितले म्हणून लिहितो. शेजारच्या खोलीतल्या आजींनी दुपारी ग्राइंडर न लावण्याचे कबूल केले. तेही वहिनींनीच जाऊन बोलून घेतले.

पाच महिन्यांनी एचबीएवनसी ७.१ आली. वजन थोडे उतरले, देशी बंद, रोज कामावरून येताना एक स्टॉप आधी उतरून चालत येतात. टेस्टोस्टेरॉन पुन्हा तपासायचे का असे दादांनी विचारले, आम्ही म्हणालो, आता गरज नाही. घरी सगळे पहिल्यासारखे झाले का, हे आम्ही विचारले नाही. मागच्या रविवारी दोघे वंदनेला एकत्र आले होते आणि दादांनी स्वतःहून आपल्या खात्यातल्या एका मित्राला आमच्या टेबलापाशी आणून बसवले. इंजेक्शनची ती कुपी वहिनींनी दुकानात परत नेली होती. त्याने घेतली नाही, बिल नव्हते.